औषधाचा रंग आणि मजुराचा श्वास

मराठी शेतकरी पिकावर कीटकनाशक फवारतो तेव्हा तो ‘औषध मारतो’. कृषी केंद्रातून आणतो तेही औषधच, आणि घरातले उंदीर ज्याने मरतात तेही उंदरांचे औषध. बोलीतील हा शब्दप्रयोग वरवर पाहता निरुपद्रवी आहे. परंतु भाषाही पदार्थांचे वर्गीकरण करीत असते, आणि तिने एखाद्या विषाला औषधांच्या रांगेत बसविले की ते उघड्या हाताने ढवळण्यात, किंवा अंगावर सांडल्यावरही तसेच काम चालू ठेवण्यात काही गैर वाटेनासे होते. सरकारी वर्गीकरण याहून शास्त्रशुद्ध आहे, यात शंका नाही. मात्र २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात जे घडले ते पाहता शेतकऱ्याचे वर्गीकरण आणि सरकारचे वर्गीकरण एकाच जागी अपुरे पडते असे म्हणावे लागते. पदार्थ माणसापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतो, हा प्रश्न दोहोंपैकी एकानेही विचारलेला नाही.

त्या वर्षी जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत कपाशीवर फवारणी करणारे शेतमजूर आणि लहान शेतकरी विषबाधा होऊन यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात येत राहिले. शेकडो लोकांवर उपचार करावे लागले. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली. फवारणी विदर्भाला नवी नव्हती आणि वापरलेली बहुतेक रसायनेही नवी नव्हती. मग त्याच वर्षी एवढा अनर्थ का झाला? कारणे अनेक सांगितली गेली, पण त्यांतील सर्वांत बोलके कारण अगदी साधे आहे. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या उंचीला भिडली होती. पीक कमरेएवढे असते तेव्हा पाठीवरच्या पंपाची नळी खाली रोखलेली असते आणि तुषार पिकावर पडतो. तेच पीक डोक्याइतके वाढले की नळी वर धरावी लागते आणि तुषार मजुराच्या तोंडावर व छातीवर उतरतो. दाट ओळींमध्ये वारा खेळत नाही. आपणच उडविलेल्या धुक्यातून त्याला पुढे चालावे लागते. त्यातच बीटी कपाशीला न जुमानणाऱ्या गुलाबी बोंडअळीमुळे फवारण्या वाढल्या, दोन-तीन रसायने एका पिपात कालविली गेली आणि बॅटरीवर चालणाऱ्या पंपांनी अधिक बारीक थेंब अधिक वेगाने फेकले. विदर्भातील दमट उकाड्यात घामेजलेल्या कातडीतून रसायन आत शिरते, आणि भिजलेले कपडे संध्याकाळपर्यंत अंगावरच राहतात.

यांपैकी एकही गोष्ट बाटलीवरच्या लेबलात बसत नाही. कीटकनाशकांसंबंधीचा १९६८ चा कायदा आणि त्याखालील १९७१ चे नियम यांनी लेबलासाठी एक खूण ठरविली. कोनावर उभ्या केलेल्या चौकोनाचे दोन त्रिकोण करावयाचे, आणि खालच्या त्रिकोणात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग भरावयाचा. लाल म्हणजे अत्यंत विषारी. हिरवा म्हणजे त्या मानाने सौम्य. अक्षरओळख नसलेल्यालाही धोका कळावा हा हेतू स्तुत्य होता, हे मान्य केले पाहिजे. पण हा रंग ठरतो कसा? प्रयोगशाळेतील प्राण्यांना ते रसायन तोंडावाटे किंवा कातडीवाटे एकदा दिले असता त्यांतील निम्मे प्राणी ज्या मात्रेने मरतात, त्या मात्रेवरून. शरीराच्या दर किलोग्रॅमला तोंडावाटे ५० मिलिग्रॅमपर्यंतची मात्रा पुरत असेल तर लाल, ५१ ते ५०० असेल तर पिवळा, ५०१ ते ५,००० असेल तर निळा आणि त्यापुढे हिरवा. कातडीसाठी वेगळे आकडे आहेत. श्वासासाठी त्या कोष्टकात रकानाच नाही.

प्रयोगाची ही पद्धत जगभर चालते. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये केलेली प्रतवारीही अशाच मात्रांवर उभी आहे. पदार्थापदार्थांची तुलना करण्यास ती उपयोगी आहे आणि तिच्याखेरीज कोणताही नियामक काम करू शकणार नाही. चूक प्रयोगात नाही. त्याचे उत्तर ज्या प्रश्नाला लावले जाते, तो प्रश्न वेगळा आहे. प्राण्याला मात्रा एकदाच मिळते. मजुराला ती रोज मिळते. यवतमाळमध्ये वापरल्या गेलेल्या रसायनांत मोनोक्रोटोफॉस व प्रोफेनोफॉस ही सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके होती. मज्जातंतूंचा संदेश पोहोचल्यावर तो थांबविणारे एक विकर शरीरात असते. ही रसायने नेमके तेच बांधून टाकतात. संदेश थांबतच नाही. लाळ व घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, स्नायू थरथरतात आणि अखेर श्वास कोंडतो. हे विकर पूर्ववत भरून यावयास काही आठवडे लागतात. म्हणजे सोमवारी थोडे बांधले गेले, ते भरून येण्यापूर्वी मंगळवारी आणखी थोडे. शनिवारी मजूर कोसळतो तो शनिवारच्या मात्रेने नव्हे. पण लेबल वाचणारा, चौकशी करणारा आणि नुकसानभरपाई ठरविणारा, सारेजण त्या शेवटच्या दिवसाकडेच पाहतात.

शिवाय लेबल वाचणार कोण? बाटली विकत घेतो तो जमिनीचा मालक. मजुराच्या वाट्याला येते ते पाण्यात कालविलेले पांढरट द्रावण. त्रिकोणाचा रंग ज्याच्यासाठी योजला, त्याच्या नजरेस तो पडेलच असे नाही.

यवतमाळच्या घटनांनंतर दोष देण्याची जी घाई झाली ती याच दृष्टीने पाहण्याजोगी आहे. मजुरांनी हातमोजे, मुखपट्टी, चष्मा आणि अंगरखा वापरला नाही, असे वारंवार सांगितले गेले. कृषी केंद्रांच्या चालकांवर गुन्हे दाखल झाले. काही कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी आली. ती तात्पुरतीच असू शकत होती. कारण १९६८ च्या कायद्याने राज्य सरकारला बंदीचा अधिकार दिला तो साठ दिवसांपुरता. नोंदणी देण्याचा अधिकार केंद्रीय समितीकडे राहिला. थोडक्यात, धोका ज्या राज्यात घडतो त्याला तो दोन महिने थांबविता येतो, आणि ज्यांच्याकडे तो कायमचा थांबविण्याचा अधिकार आहे, त्यांच्यासमोर पऱ्हाटीची उंची येत नाही.

संरक्षक कपड्यांचा मुद्दा मात्र सविस्तर पाहावा लागेल, कारण तो ऐकावयास फार रास्त वाटतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने १९८५ मध्ये कीटकनाशकांसंबंधी एक आंतरराष्ट्रीय आचारसंहिता स्वीकारली. तिच्यातील एक कलम असे आहे की, जे कीटकनाशक हाताळण्यास गैरसोयीची, महाग किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधने लागतात, ते टाळावे. विशेषत: उष्ण हवामानातील लहान शेतकऱ्यांच्या व शेतमजुरांच्या बाबतीत. हे कलम वर्गीकरणाचे तर्कशास्त्रच उलटे करते. रसायनाला साजेल असा माणूस शोधू नका, माणसाला साजेल असे रसायन निवडा, असे ते सांगते. विदर्भातील ऑक्टोबरच्या उन्हात, चिखलाच्या सरीतून, पाठीवर भरलेला पंप घेऊन चालणाऱ्या माणसाने रबरी अंगरखा व हातमोजे घालून दिवसभर काम करावे ही अपेक्षा ज्यांनी केली, त्यांनी तो पोशाख चढवून तासभर तरी त्या शेतात काढावयास हवा होता. जे साधन वापरणे अशक्य आहे, ते न वापरल्याचा ठपका मजुरावर ठेवला की नोंदणी करणारा आणि विकणारा दोघेही मोकळे होतात.

ही गोष्ट केवळ फवारणाऱ्या मजुरापुरती असती तर कदाचित प्रशिक्षणाने भागले असते. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात काजूच्या सरकारी मळ्यांवर १९७० च्या दशकापासून २००० पर्यंत हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले जात असे. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रतवारीत एंडोसल्फान सर्वांत घातक गटात नव्हते; ते मध्यम गटात होते. पण मळे डोंगरउतारावर, वस्ती उतारावर आणि विहिरी उघड्या. तेथील माणसे काही फवारत नव्हती. ती फक्त तेथे राहत होती, त्या विहिरींचे पाणी पीत होती, आणि तसे करण्यास त्यांना वीस-पंचवीस वर्षे मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये या रसायनावर बंदी घातली आणि २०१७ मध्ये पीडितांना प्रत्येकी ५ लाख रुपये देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. रहिवाशाला हातमोजे द्यावयाचे की विहिरीला मुखपट्टी बांधावयाची, याचे उत्तर कोणत्याही लेबलावर मिळाले नसते.

तिसरी वाट स्वयंपाकघराची. भारतातील कीटकनाशकांचा कायदाच मुळी या वाटेने आला. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन मिसळलेले पीठ खाऊन शंभरावर माणसे मेली. धान्य आणि विष यांची वाहतूक एकत्र झाली होती. त्या अनर्थातून चौकशी झाली आणि दहा वर्षांनी कायदा झाला. पण २०१३ च्या जुलैत बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतील माध्यान्ह भोजनाने २३ मुले दगावली, तेव्हा तेलात सापडले ते मोनोक्रोटोफॉस. लाल त्रिकोणाचे हे रसायन २००५ पासून भाजीपाल्यावर वापरण्यास मनाई होती. पण कपाशीसाठी त्याची विक्री चालू होती. मनाई पिकापुरती होती. रिकाम्या डब्याला पीक कोणते हे ठाऊक नसते. त्याच्या प्रमुख द्रवरूप प्रकारावर केंद्र सरकारने बंदीचा आदेश काढला तो २०२३ मध्ये, म्हणजे सारणनंतर दहा वर्षांनी आणि यवतमाळनंतर सहा वर्षांनी.

भोपाळची गोष्ट याच मालिकेत येते, जरी ती एरवी कारखान्याची दुर्घटना म्हणून वेगळी सांगितली जाते. तेथे तयार होणारे कार्बारिल हे कीटकनाशक मध्यम विषारी गणले जाई. ते ज्यापासून बनत असे ते मिथिल आयसोसायनेट मात्र बाजारात येतच नव्हते. आणि जे विकले जात नाही त्याला रंगीत त्रिकोण कशाला? १९८४ च्या २ व ३ डिसेंबरमधील रात्री सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट शहरावर पसरले. हा वायू हवेहून जड असल्याने जमिनीलगत राहतो आणि ओले फडके तोंडावर धरल्याने थोडाफार बचाव होतो, एवढी माहितीही वस्तीला कोणी दिलेली नव्हती. लोक धावले, आणि धावताना अधिक श्वास घेत राहिले. १९८९ मध्ये झालेल्या नियमांनी या पदार्थासाठी धोक्याची मर्यादा १५० किलोग्रॅम ठरविली. भोपाळच्या टाकीत तिच्या अडीचशेपट साठा होता.

पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. त्या कारखान्यातील सुमारे ३३७ टन घातक कचरा २०२५ च्या १ जानेवारीच्या रात्री बारा बंद कंटेनरांतून, पोलीस बंदोबस्तात, सुमारे अडीचशे किलोमीटरवरील पीथमपूरला नेण्यात आला आणि जूनअखेर जाळून संपविण्यात आला. खबरदारी योग्यच होती. परंतु हाच कचरा चाळीस वर्षे त्या आवारात होता, परिसरातील भूजल दूषित झाले होते, आणि आसपासच्या वस्त्यांना शुद्ध पाणी द्या असे २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले होते. कचऱ्याचा वर्ग त्या एका रात्री बदलला नव्हता. तो हलू लागला तेव्हाच सरकारच्या दृष्टीने त्याचा माणसांशी संबंध आला.

नोंदणीचे निकष बदलावयाचे तर त्यासाठी पुरावा लागतो, आणि तो गोळा करण्याची सोय १९६८ च्या कायद्यातच होती. त्याच्या २६ व्या कलमाने राज्य सरकारला असा अधिकार दिला की, विषबाधेचा प्रत्येक प्रकार कळविण्याचे बंधन अधिसूचना काढून घालता येईल. घालता येईल, घातलेच पाहिजे असे नव्हे. कारखान्यातील अपघाताची खबर द्यावीच लागते. बांधावर कोसळलेल्या मजुराची खबर मात्र कोणाच्या तरी इच्छेवर सोडलेली. तालुक्याच्या रुग्णालयात रात्री असा रोगी येतो तेव्हा डॉक्टर सोबतच्या माणसाला विचारतात, कोणते औषध होते? ज्यावर उतारा आहे ते की ज्यावर नाही ते, हे त्या उत्तरावर अवलंबून असते, आणि कपाशीचे औषध यापलीकडे उत्तर अनेकदा मिळत नाही. ही नोंद सक्तीची झाली, आणि तिच्यात रसायनाचे नाव, किती दिवस फवारले, पंप कोणता आणि पीक किती उंच होते असे चार रकाने असले, तर नोंदणी समितीपुढे उंदरांच्या आकड्याशेजारी ठेवण्यास माणसांचाही एक आकडा मिळेल.