चौथा भिडू

२४ मे हा जागतिक स्किझोफ्रेनिया जागृती दिन. या आजाराविषयी बोलताना भास, संशय, आरडाओरडा यांचीच चर्चा अधिक होते. ते साहजिकही आहे. जे कानावर येते त्याची दखल घ्यावीच लागते. पण या आजाराचे एक दुखणे अगदी मुके असते, आणि घरची माणसे त्यानेच जास्त खचतात.

वरळीच्या बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची एखादी खोली डोळ्यांसमोर आणा. कॉटच्या कडेला तिशीतला मुलगा भिंतीकडे तोंड करून बसलेला. आईने ठेवलेल्या चहावर साय धरली आहे. आंघोळीचे चारदा सांगून झाले. गोळ्या चालू आहेत, कानातले आवाज केव्हाच थांबले. तरी तो उठत नाही. एकेकाळी दहीहंडीच्या थरांवर चढणारा हा पोरगा आता खाली ढोल वाजला तरी खिडकीशी येत नाही. वडील म्हणतात, ‘नुसता लोळतो.’ शेजारी म्हणतात, ‘आयतं मिळतंय, मग कशाला हलेल?’ आई काही बोलत नाही. कप उचलते आणि चहा पुन्हा गरम करायला ठेवते.

हा आळस नाही, हा आजार आहे. ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव रूढ केले, त्याच्याही आधी एमिल क्रेपेलिन यांनी अशा रुग्णांची इच्छाशक्तीच क्षीण होत जाते, हे नोंदवून ठेवले होते. १९५० च्या दशकात औषधे आली आणि भास-भ्रम आटोक्यात येऊ लागले. पण या रितेपणापुढे ती औषधे अजूनही तोकडी पडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दोन कोटींहून अधिक लोकांना हा आजार आहे. त्यांतल्या अनेकांचे आवाज थांबतात, दिवस मात्र सुरूच होत नाही.

असे का होते, यावर अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ॲन क्रिंग आणि इतर संशोधकांनी महत्त्वाचा प्रकाश टाकला आहे. गोड पदार्थ, सुंदर चित्र, विनोदी प्रसंग समोर असताना या रुग्णांना जवळजवळ इतरांइतकाच आनंद होतो. कमी पडते ती ओढ. पुढे काहीतरी छान घडणार आहे, या कल्पनेने आपण जागचे उठतो; ती कल्पनाच त्यांच्या मनात फिकी उमटते. गोडी शाबूत असते, ओढ आटलेली असते.

म्हणूनच पॅसेजमध्ये कॅरम मांडलेला असताना कुणीतरी दारातून ‘ये रे, चौथा भिडू कमी पडतोय!’ असे ओरडले की तो मुलगा येतो. राणी घेतो, कव्हरही घेतो, डोळ्यांत क्षणभर हसू येते. दुसऱ्या दिवशी मात्र आपणहून फिरकत नाही. ‘काल तर खेळला, मग आज नाटकं कशाला?’ असे लोकांना वाटते. काल त्याला उठवणारी हाक बाहेरून आली होती आणि आज ती आली नाही, एवढाच तो फरक.

१९२० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या (बीडीडी) या चाळींत दोन्ही बाजूंना खोल्या आणि मधून सामाईक पॅसेज. नळावर, दारात, जिन्यात माणूस माणसाला हटकतच असतो. या हटकण्याचे फार गोडवे गाण्याचे कारण नाही. याच पॅसेजमध्ये ‘वेडा’ म्हणून चिडवणेही चालते आणि त्या भीतीने आजार वर्षानुवर्षे दडवलाही जातो. तरीही हाक मारायला कुणीतरी असते, ही मोठी गोष्ट.

आता पुनर्विकासात चाळीचा टॉवर होतो आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. चार पिढ्या एका खोलीत काढलेल्यांच्या हक्काचे ते घर आहे. त्याचा आनंदच आहे. पण चाळीस मजली इमारतीत दार बंद असते, आणि बंद दाराआड ओढ हरवलेला माणूस महिनोन्‌महिने कुणाला दिसणारही नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने अशा व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क दिला आहे. पत्नीचे आजारपण जवळून पाहिलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ उभी केली. ‘देवराई’ (२००४) चित्रपटाने हा आजार मराठी घरांत बोलण्याचा विषय केला. टेली-मानस हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. सुस्ती औषधाची आहे की सोबत नैराश्य आहे, हे डॉक्टरांनी तपासायला हवे; गोळ्या मनाने बंद करू नयेत.

उरते ते शेजाऱ्यांचे काम. सोसायटीच्या कार्यालयात, मंडळाच्या तयारीत त्याला लहानसे, ठरलेल्या वेळेचे काम द्या. ‘किती लोळशील?’ असे विचारण्यापेक्षा ‘मी खाली चाललोय, चल’ म्हणा. तो आज येणार नाही, कदाचित उद्याही नाही. परवा पुन्हा दाराची बेल वाजवा. आत आईने चहा ठेवलेलाच असेल.