बैलगाडा शर्यत पडद्यावर दिसते, पण समजते का?

आपल्या वसाहतीतल्या शाळकरी मुलाला फॉर्म्युला वनच्या चालकांची नावे विचारा, चार-पाच सहज सांगेल. भारतात ही शर्यत 2011 ते 2013 अशी तीनच वर्षे झाली, तीही ग्रेटर नोएडात. म्हणजे ही सगळी ओढ पडद्याने लावली. उलट रावेरची हद्द इतकी जवळ असूनही महाराष्ट्रातल्या नामांकित बैलांपैकी एकाचेही नाव त्याला ठाऊक नसते.

मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने 2017 साली कायदा बदलला, तरी प्रत्यक्ष परवानगी मिळायला डिसेंबर 2021 उजाडला आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. शर्यती थांबल्या तेव्हा स्मार्टफोन थोड्यांच्याच हाती होता; परतल्या तेव्हा तो गोठ्यापर्यंत पोहोचला होता. त्यामुळे आज पुसेगावचे मैदान असो वा एखाद्या छोट्या गावची जत्रा, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण असतेच. सांगली जिल्ह्यात बक्षीस म्हणून थार, फॉर्च्युनर अशा गाड्या लागल्या, त्यालाही या पडद्याचा हातभार आहे.

पण हे प्रक्षेपण पाहते कोण? मुख्यतः ज्याला खेळ आधीच कळतो तो. तासन्‌तास एकाच कोनातून धूळ दिसते, निवेदक बैलांची आणि मालकांची नावे पुकारत राहतो आणि नवख्याला आत्ता काय पणाला लागले आहे तेच उमगत नाही. कॅमेरा लावला की प्रेक्षक आपोआप वाढतात, हा समज इथे खोटा ठरतो.

प्रो कबड्डीने 2014 मध्ये काय केले ते आठवा. खेळ तोच, आपल्या मातीतला. पण सामने संध्याकाळी ठरल्या वेळी आले, चढाईचे 30 सेकंद पडद्यावर उलटे धावू लागले, पकड कशी बसली ते सावकाश पुन्हा दाखवले गेले आणि खेळाडूच्या गावा-घराची ओळख झाली. कधी मैदानाकडे न फिरकलेली माणसेही त्यामुळे टीव्हीसमोर बसली.

बैलगाड्याच्या बाबतीत एक अडचण खास आहे. पुणे जिल्ह्याच्या घाटात एका वेळी एकच गाडा धावतो, पुढे घोडी, आणि निकाल सेकंदांवर लागतो. मैदानात उभे राहून हा थरार अंगावर येतो. पडद्यावर मात्र घड्याळ नसेल तर प्रत्येक बारी सारखीच वाटते. सातारा-सांगलीकडे अनेक गाड्या एकदम सुटतात. गट, सेमी, मग फायनल. हा प्रकार टीव्हीला जात्याच सोपा. शिवाय तिथे ‘पैरा’ असतो: दोन वेगळ्या मालकांचे बैल एका जुवाखाली. कोणाचा बैल कोणाबरोबर पळणार, कोण कोणाला नाही म्हणाले, यात एखाद्या मालिकेइतके नाट्य आहे! ते सांगणारा कार्यक्रम शर्यतीच्या आदल्या दिवशी हवा. फॉर्म्युला वनवरच्या ‘ड्राइव्ह टू सर्व्हाइव्ह’ या नेटफ्लिक्स मालिकेने 2019 पासून हेच केले. आधी माणसे ओळखीची केली, मग लोक शर्यत पाहू लागले.

पडद्याची दुसरी बाजूही पाहायला हवी. 18 फेब्रुवारी 1979 रोजी अमेरिकेत डेटोना 500 ही शर्यत प्रथमच सुरुवातीपासून शेवटपर्यंत थेट दाखवली गेली. पूर्वेकडे हिमवादळ, माणसे घरात अडकलेली. शेवटच्या फेरीत पुढच्या दोन गाड्या धडकल्या, रिचर्ड पेटी जिंकला आणि इकडे धडकलेल्या चालकांची मैदानातच हाणामारी झाली. नॅस्कारचे भाग्य त्या दिवशी उघडले असे आजही सांगतात. मोटारींच्या शर्यतीत हे खपून गेले. बैलगाड्यात सनसनाटी म्हणजे काय, तर उधळलेला बैल, गर्दीत घुसलेला गाडा, उगारलेला चाबूक. अशी चित्रफीत सर्वात जास्त फिरते, आणि तीच उद्या न्यायालयात पुरावा म्हणून उभी राहू शकते. महाराष्ट्राच्या नियमांत धाव 1000 मीटरपेक्षा लांब नको, चाबूक नको आणि शर्यतीचे चित्रीकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावे, अशा अटी आहेत. माझ्या मते आयोजकांनी हे चित्रीकरण सक्ती म्हणून उरकू नये. सुटीची रेषा, बैलांची तपासणी, धावेनंतरची विश्रांती हे सगळे उघड दाखवावे. शहरी प्रेक्षकाच्या मनातली शंका त्यानेच फिटेल, आणि फिटली नाही तर ती शंका रास्त आहे असे समजावे.

आपल्याला हे जास्त लागू होते. घटनापीठाने उचलून धरलेले कायदे तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राचे. मध्य प्रदेश त्यात नाही. तेव्हा इथल्या मराठी घरांसाठी शर्यत म्हणजे एक तर सीमा ओलांडून जाणे, नाही तर पडदा. आणि पडद्यासाठी आधी तारखा कळायला हव्यात. जत्रा तिथीवर ठरते, मैदान कधी परवानगीवर अडते, आणि प्रक्षेपण कोणत्या वाहिनीवर आहे हे बहुधा शर्यत संपल्यावर समजते. हंगामाचे एकच वेळापत्रक, निदान मोठ्या दहा मैदानांचे, महिनाभर आधी एका जागी मिळाले, तर मंडळाच्या सभागृहात एखाद्या रविवारी फायनल लावता येईल.