इअरफोन मुरतो की कान?

परवा भाच्याने वाढदिवसाला कानात खुपसायचे इअरफोन दिले. त्याच्याकडे तीन महिन्यांपासून आहेत, अगदी तेच. लावले, ऐकले आणि म्हटलं, "तंबोरा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतोय रे. खर्ज कुठे गेला?"

"मामा, लगेच नावं ठेवू नका. आधी शंभर तास वाजू द्या. मुरले की खुलतात."

इअरफोन म्हणजे काय लोणचं आहे?

मंडळी, हातकणंगल्याच्या माणसाला मुरणं शिकवू नये. नवी कोल्हापुरी चावते. तेल लावून, घालून घालून कातडं मऊ होतं, पायाचा आकार घेतं. पटतं. इथून रेल्वेने मिरजेला जा. तिथल्या तंबोऱ्याच्या नव्या तारा काही दिवस उतरत राहतात, मग स्थिरावतात. तेही पटतं. पण तोच तंबोरा वर्षानुवर्षं वाजला की घोडीवर तारांच्या खाचा पडतात, जवारी जाते आणि कारागिराचे पाय धरावे लागतात. म्हणजे वापराने वस्तू सुधारते, तशी बिघडतेही. मग इअरफोन तेवढे दरवेळी सुधारतातच कसे? शंभर तासांनी आवाज खराब झाला म्हणणारा मला अजून भेटायचाय!

इअरफोनच्या आतला पडदा वापराने किंचित सैल होत असेलही. पण तो फरक अगदी बारीक. त्यापेक्षा कितीतरी मोठा फरक कानातल्या रबरी टोपीने पडतो. ती नीट बसली नाही, जराशी फट राहिली, की खर्ज गायब. आठवडाभरात आपल्याला ती बसवायची सवय होते. शिवाय मेंदूही नव्या आवाजाला सरावतो. मुरतो तो आपण, आणि श्रेय जातं इअरफोनला.

वाद नको म्हणून परीक्षाच घेतली. दोन्ही जोड्यांना सारख्याच नव्या टोप्या, फोनचा आवाज एकाच खुणेवर, भाच्याच्या डोळ्यांना रुमाल. दहा वेळा अदलाबदल केली. जुनी कोणती, हे त्याने पाच वेळा बरोबर सांगितलं. नाणं उडवूनही तेवढंच जमतं! दहा वेळांनी काही सिद्ध होत नाही हे कबूल. पण शंभर तासांचा दावा करणाऱ्याला एवढं तरी ओळखता यायला हवं होतं. आणि हो, मोठी टोपी लावल्यावर माझ्या तंबोऱ्याचा खर्जही परत आला. पाचव्या मिनिटाला.

एवढं चिडायचं कारण? "मुरू द्या" म्हणत थांबलं की वस्तू परत करायची मुदत संपते. माझी एक जोडी अशीच गळ्यात पडली होती, दुकानदाराच्याच सल्ल्याने. आणि दुसरं जास्त गंभीर. मुरवायचे म्हणून पोरं ते मोठ्या आवाजात तासन् तास कानातच ठेवतात. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी घातलेली मर्यादा 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास आहे. आवाज वाढवला की तास झपाट्याने कमी होतात. कान काही मुरत नाही, झिजतो; आणि त्याची जवारी काढून देणारा कारागीर मिरजेतही नाही.

तेव्हा टोपी बदलून बघा, ओळखीचं गाणं लावा, दोन दिवस ऐका. नाही आवडलं तर सरळ परत करा.

असो. भाचा हे वाचणार आहेच. बाळा, भेट आवडली बरं का :)