तापाचे दोन अर्थ

पर्युषण पर्व जवळ आले की गतवर्षीची एक घटना आठवून मन अस्वस्थ होते. माझ्या पुतणीने अठ्ठाई आरंभिली होती. चार वर्षांपासून तिला ल्युपस हा विकार आहे. घरातील वडीलधाऱ्यांत सर्वप्रथम अनुमोदना केली ती मीच. गोळ्यांचे काय, हे मात्र विचारले नाही. पाचव्या रात्री तिला ताप चढला. ‘तपाची उष्णता असेल’ म्हणून आम्ही सकाळची वाट पाहिली. सकाळी तिला उभेही राहवेना.

ल्युपसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचा, सांधे, मूत्रपिंड, रक्त यांवर उलटते. सुमारे दहापैकी नऊ रुग्ण स्त्रिया असतात आणि बहुतेकींना तो ऐन तारुण्यात गाठतो. त्यांना रुग्णालयात न्यावे लागते ते मुख्यतः दोन कारणांनी : एक तर विकार उसळतो, नाहीतर जंतुसंसर्ग होतो. ताप दोन्हींत येतो. उपचार मात्र जवळजवळ उलट. विकार उसळला तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे वाढवावी लागतात; संसर्ग असेल तर त्यांतील काही थांबवून प्रतिजैविके द्यावी लागतात. बँकेत जमेची रक्कम नावे पडली तर संध्याकाळी ताळा जुळत नाही, एवढेच. येथे चूक प्राणावर बेतते. सीआरपी, सी-३ व सी-४ या रक्तचाचण्या आणि लघवीची तपासणी यांवरून डॉक्टर अंदाज बांधतात. घरी बसून तो बांधता येत नाही.

तिला मूत्रमार्गाचा संसर्ग झाला होता. त्यात स्टेरॉइड एकाएकी बंद झालेले. ही गोळी दीर्घकाळ घेतली की शरीर स्वतःचे तत्सम संप्रेरक बनविणे कमी करते. ती अचानक थांबल्यास रक्तदाब कोसळू शकतो. तिचा कोसळला होता.

आठ दिवसांनी ती घरी आली आणि अठराव्या दिवशी पुन्हा ताप. आम्ही आता शहाणे झालो होतो ना! उरलेली प्रतिजैविके दोन दिवस दिली. चेहऱ्यावर सूज आली तेव्हा धावलो. या खेपेस विकार उसळला होता, मूत्रपिंडाला दाह होता. अमेरिकेतील पाच राज्यांच्या नोंदींवरून 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ल्युपससह दाखल झालेल्यांपैकी सुमारे दर सहावा रुग्ण तीस दिवसांत परत दाखल झालेला आढळला; तरुणांत हे प्रमाण अधिक. म्हणजे घरी आल्यानंतरचा महिनाच जोखमीचा.

हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन ही गोळी तर बरे वाटू लागताच सोडण्याचा मोह होतो. कॅनडातील 1991 च्या चाचणीत ती थांबविलेल्यांत विकार उसळण्याचा धोका सुमारे अडीचपट आढळला होता.

पुढे आमच्या गावी चातुर्मासास असलेल्या साध्वीजींना पुतणीने संकोचत विचारले. त्या म्हणाल्या, पच्चक्खाणाच्या पाठातच ‘सव्वसमाहिवत्तियागार’ ही मोकळीक आहे. पीडेत चित्ताची समाधी राखण्यासाठी घेतलेल्या औषधाने नियम भंगत नाही. चाळीस वर्षे तो पाठ ऐकतो आहे. त्या शब्दाकडे माझे लक्ष कधी गेले नव्हते.

यंदा पुतणी नवकारशी करणार आहे. सकाळची गोळी त्यानंतर न्याहारीसोबत घेण्यास तिच्या डॉक्टरांनी संमती दिली आहे. गोळ्यांची मात्रा आणि ताप आल्यास कोणाला फोन करायचा तो क्रमांक, हे सारे तिने एका कागदावर लिहून फ्रिजवर लावले आहे. त्याची एक प्रत माझ्या पाकिटात आहे.