पडदा आधी की प्रश्न?

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ च्या ऑगस्टपासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो. दीड तास टीव्ही, मोबाइल बंद. मुले अभ्यासाला बसतात. याच काळात सांगली-साताऱ्यातल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये मात्र टीव्ही, प्रोजेक्टर लागले, काही सरकारी योजनांतून तर काही लोकवर्गणीतून. घरी बंद करायचा पडदा शाळेत लावायचा, यात विसंगती नाही. तो धड्यात केव्हा लावायचा, हा खरा मुद्दा आहे.

हार्वर्ड विद्यापीठातले एरिक माझुर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. भौतिकशास्त्राचा प्रयोग ज्यांनी नुसता पाहिला, त्यांना तो न पाहिलेल्यांपेक्षा फारसे जास्त समजले नव्हते. ‘आता काय होईल?’ असा अंदाज आधी बांधायला लावलेल्यांची समज मात्र स्पष्टपणे वाढली, आणि त्यासाठी जेमतेम दोन मिनिटे जास्त लागली. ती मुले मोठी होती आणि समोर व्हिडिओ नव्हे, खरा प्रयोग होता, हे लक्षात ठेवायला हवे. तरीही खरा प्रयोग नुसता पाहून जिथे डोक्यात शिरत नाही, तिथे व्हिडिओकडून जास्त अपेक्षा कशी ठेवायची?

सांगली ही हळदीची पेठ. कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे प्रत्येक घरात दिसते. का होतो? लिंबू पिळले तर? खायचा सोडा टाकला तर? चौथी-पाचवीच्या मुलांना आधी अंदाज लिहू द्यावा, मग करून पाहू द्यावे. हळदीतले पिवळे द्रव्य आम्लारी पदार्थात लालसर होते, हा शोध वर्गात दहा रुपयांत लागतो. इथे पडद्याची गरजच नाही.

पुराचे तसे नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेली. सांगलीत पाऊस थांबला तरी पाणी का चढते? कोयना धरणातून सोडलेले पाणी कऱ्हाडला कृष्णेत मिळून सांगलीला यायला वेळ का लागतो? नदीचे खोरे वर्गात आणता येत नाही. नकाशा, उपग्रहाची चित्रे, हलते रेखाटन यांची किंमत इथे कळते. पण मुलांनी आधी वहीत आपापली नदी काढलेली असली तरच.

प्रश्नातून शिकवण्याची ही पद्धत १९६९ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात डॉक्टर होऊ पाहणाऱ्यांसाठी रुजली. लहान मुलांना प्रश्न देऊन नुसते सोडून दिले तर ती भरकटतात, अशी जोरदार टीका २००६ मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी केली. ती रास्त आहे. वस्तू हाताळत, गटात बोलत शिकणारी मुले पाहायला राज्यभरातले शिक्षक साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये जात. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांच्या त्या कामाचा आधार महागडी उपकरणे नव्हती. कोणता प्रश्न कधी टाकायचा, कुठे थांबायचे, हे ठरवणारा शिक्षक होता.

अडचण नेमकी इथे आहे. दोनशिक्षकी शाळेत एकाला दोन-तीन इयत्ता सांभाळाव्या लागतात. मग एका इयत्तेपुढे व्हिडिओ लावून दुसरीला शिकवणे ओघानेच येते, आणि त्यासाठी शिक्षकाला दोष देता येणार नाही. पण अशा वेळीही व्हिडिओ मध्येच थांबवून पुढे काय होईल ते लिहा, एवढे सांगून जाता येते. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी शाळेत किती संच चालू आहेत हे मोजण्याबरोबर मुलांच्या वह्यांतले हे चुकलेले-बरोबर आलेले अंदाजही एकदा चाळावेत.