ओठ निळे पडेपर्यंत थांबायचं का?

माझ्या खालाची मुलगी नया नगरमध्ये राहते. वय 19. मीरा रोड स्टेशनचा पूल चढताना ती दोनदा थांबते, ओठ आणि नखं निळसर पडतात. तिच्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मापासून छिद्र आहे. ती लहान असताना डॉक्टरांनी मोठ्या इस्पितळात दाखवायला सांगितलं होतं. घरच्यांनी गोष्ट दाबून ठेवली. कारण एकच: "मुलगी आहे, उद्या रिश्ता कसा येणार?"

असं छिद्र एकटंच असेल तर सुरुवातीला रक्तातला ऑक्सिजन सहसा कमी होत नाही. डाव्या बाजूचा दाब जास्त असल्याने शुद्ध रक्त उजवीकडे जातं आणि फुफ्फुसांवर जादा भार पडतो. छिद्र मोठं असेल तर काही वर्षांत फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्या जाड, कडक होतात. मग उजवीकडचा दाब वाढून प्रवाह उलटतो आणि अशुद्ध रक्त थेट शरीरभर जातं. याला आयझेनमेंगर सिंड्रोम म्हणतात. तोवर नुसतं छिद्र बुजवण्याची वेळ निघून गेलेली असते. अशा स्त्रीसाठी गरोदरपण जिवावर बेतू शकतं. म्हणजे ज्या लग्नासाठी आजार लपवला, त्या लग्नानंतरच सर्वात मोठा धोका.

याच पडद्याबद्दल इब्न अल-नफीस यांनी 13व्या शतकात लिहिलं होतं. पडद्यात सूक्ष्म छिद्रं असतात, हे गेलनचं मत त्यांनी खोडून काढलं आणि रक्त फुफ्फुसांतून डावीकडे येतं, हे सांगितलं. भाषणात आपण हा वारसा अभिमानाने मिरवतो. घरात मात्र बाळाचं वजन वाढेना, तर नजर उतरवतो.

दूध पिताना बाळाला घाम येतो, धाप लागते, वजन वाढत नाही, न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होतो? मग टूडी इको करून घ्या. बरीच लहान छिद्रं आपोआप बुजतात; कोणत्या छिद्राकडे लक्ष द्यायचं, हे तपासणीनंतरच कळतं. 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या आणि सरकारी, अनुदानित शाळांतली मुलं तपासली जातात. विनाअनुदानित शाळेत मूल असेल तर आपणच पुढाकार घ्यायला हवा. परळला मुलांचं वाडिया रुग्णालय आहे. खारघरच्या सत्य साई संजीवनीत मुलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया मोफत होते.

शस्त्रक्रिया मोफत झाली तरी गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी उरतेच. जकातीचा पैसा गरजू घरांच्या या खर्चासाठी का काढू नये? मोहल्ल्यातल्या तरुणांनी वर्षातून एकदा बालहृदयतज्ज्ञांना बोलावून तपासणी का ठेवू नये?

आणि रिश्ता बघायला जाल, तेव्हा मुलीच्या छातीवरच्या टाक्यांना ऐब म्हणू नका. वेळेवर उपचार झाल्याची ती खूण आहे. माझ्या बहिणीच्या छातीवर ती खूण नाही, हेच आमचं दुःख आहे.