थकवा म्हणजे हालचाल नव्हे

इमारतीची लिफ्ट बंद होती. ऐंशी वर्षांच्या वडिलांना हात देत पंचावन्न वर्षांचा मुलगा दोन जिने चढला आणि वडिलांपेक्षा त्यालाच अधिक धाप लागली. भिऊन दोघेही माझ्याकडे आले. आवश्यक त्या तपासण्या केल्या. सुदैवाने दोष आढळला नाही. मग मी विचारले, "दिवसभरात हालचाल किती होते?"

"डॉक्टर, पायाला भिंगरी असते. रात्री अंग टेकले की डोळा लागतो," चिरंजीव म्हणाले.

"कसली भिंगरी! खुर्ची सोडत नाही तो," वडील उद्गारले.

मी दोघांनाही एका कामाच्या दिवसाचे टिपण ठेवण्यास सांगितले. मुलाचे टिपण असे होते: झोप ७ तास, कचेरीतील खुर्ची ८ तास, बसून केलेला प्रवास २ तास, जेवण व चहा १ तास, दूरदर्शन आणि मोबाईल २ तास. बेरीज २० तास. उरलेल्या ४ तासांत आन्हिके, किरकोळ कामे आणि चालणे अवघे २० मिनिटे.

त्यांचा थकवा खोटा नव्हता. परंतु तो डोळ्यांचा, मानेचा आणि मनाचा होता. पायांच्या स्नायूंना दिवसभर काम असे मिळालेच नव्हते. म्हणूनच थकव्यावरून हालचालीचा अंदाज बांधू नये. १९५३ साली जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नोकरी एकाच गाडीवरची. तरी बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिन्यावरून सतत चढउतार करणाऱ्या वाहकांत हृदयधमन्यांच्या विकाराचे प्रमाण कमी आढळले.

अंदाज चुकला की ताटही चुकते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ६५ किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या पुरुषास दिवसाला सुमारे २११० किलोकॅलरी पुरतात. मध्यम श्रमाच्या पुरुषास सुमारे २७१० लागतात. 'दिवसभर राबतो' म्हणून घरातील माणसे प्रेमाने वाढतात, आणि हा ६०० किलोकॅलरींचा फरक पोटावर साचत जातो.

आपली पातळी ठरविण्यासाठी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. जागेपणीचे किती तास बसून वा आडवे होऊन गेले? सलग किती वेळ उठलो नाही? आणि श्वास किंचित वाढेल अशी हालचाल किती मिनिटे झाली? चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, अशी गती मध्यम समजावी. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांस आठवड्याला अशा किमान १५० मिनिटांची शिफारस करते. आमच्या गृहस्थांची सहा दिवसांची १२० मिनिटे होत होती, आणि तीही रमतगमत.

आता वडिलांचे टिपण. पेपर, दूरदर्शन, आरामखुर्ची आणि दुपारची वामकुक्षी धरून बैठक साडेनऊ तासांची भरली! निवृत्तीने कचेरी सुटली होती, खुर्ची सुटली नव्हती. आजोबा टिपण पाहून काही क्षण गप्प राहिले. ६५ वर्षांपुढील व्यक्तींनी चालण्याबरोबरच आठवड्यातून तीन दिवस तोल व स्नायूंची ताकद वाढविणारे व्यायामही करावेत, अशी याच संघटनेची शिफारस आहे. त्यामुळे पडण्याचा धोका कमी होतो.

दोघांनी मिळून ठरविले ते साधेच आहे. मुलाने दर अर्ध्या-पाऊण तासाने उठायचे आणि बसच्या एक थांबा आधी उतरायचे. आजोबांनी भक्कम खुर्चीवरून, शेजारी कोणी असताना, सावकाश उठबस करायची. संध्याकाळी दोघांनी एकत्र चालायचे. हृदयविकार, गुडघेदुखी किंवा चक्कर यांचा त्रास असणाऱ्यांनी मात्र आपल्या वैद्यांचा सल्ला आधी घ्यावा. छातीत दुखल्यास तत्काळ थांबून उपचार घ्यावेत.

वाचकहो, उद्याचा एकच दिवस वहीत उतरवून पाहा. ज्येष्ठांना हात देणाऱ्याचे पायही भक्कम हवेत.